फटफटीच्या धुराला फोडणीचा वास

‘वीरभद्रप्पा. गुप्त ते उघड करणार, उघड त्याच्या मुळाशी जाणार. हरवलेली जनावरे, रुसून गेलेले जावई, दिसेनाशी झालेली भांडी व इतर सर्व रहस्ये. नजर घारीची, नाक मुंगीचे, बुद्धी स्वतःची.’

ही पाटी आळंदच्या बाजारपेठेत एका कट्ट्यावर लटकत असे. कट्टा वीरभद्रप्पांच्या मालकीचा आणि कट्ट्यावर शिवणयंत्र घेऊन बसणारा तुळजाराम हा त्यांचा भाडेकरू. पाटीचा मजकूर अप्पांनी सांगितला आणि तुळजारामनं रंगवला, कारण त्याला मराठी, कानडी आणि उर्दू तिन्ही लिहिता येत. अप्पांना उर्दूत फक्त सही येत असे, तीही कुणी बघत नसेल तर. रंगवता रंगवता तुळजारामनं एक शंका काढली होती.

“अप्पा, मुंगीला नाक असतंय व्हय?”

“मग तिला गूळ कसा सापडतो?” अप्पांनी विचारलं.

तुळजारामनं कुंचला रंगात बुडवला आणि मुकाट्यानं मुंगीला नाक देऊन टाकलं. त्यानंतर त्यानं शंका काढणं सोडलं. शंका न काढणारा माणूस अप्पा बरीच वर्षं शोधत होते, त्यामुळं त्याच दिवशी त्याची मदतनीस म्हणून नेमणूक झाली. काम एवढंच, की अप्पा बोलतील ते वहीत उतरवायचं आणि अप्पांना सायकलवर बसवून म्हणतील तिथं न्यायचं. अप्पांचा देह बघता यातलं दुसरं काम जास्त अवघड होतं.

अप्पांनी बावीस वर्षं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर काढली होती. अक्कलकोटाकडून येणाऱ्याचं गाठोडं सोडायचं, हुंगायचं आणि परत बांधून द्यायचं. नोकरी संपली तशी गाठोडी संपली, हुंगायची सवय तेवढी अंगात राहिली. हेरगिरी सुरू केल्यापासून त्यांनी तीन प्रकरणं हाताळली होती. त्यातल्या दोन म्हशी आपणहून घरी आल्या आणि एक जावई आलाच नाही. “तीनपैकी दोन,” अप्पा म्हणत, “हे प्रमाण हैदराबादेतसुद्धा मिळणार नाही.”

श्रावण लागला त्या दिवशी सकाळी अंकुशराव कट्ट्यावर आले. तुरीचा व्यापार आणि घरची शेती असलेला हा माणूस एरवी पांढऱ्या धोतरात असे. आज हात कोपरापर्यंत काळे होते आणि कपाळावर तेलाचा पट्टा होता.

“अप्पा, माज्या फटफटीला फोडणीचा वास यायलाय,” ते म्हणाले.

अप्पांनी डोळे मिटले. “तुळजाराम, लिही. फटफटी. फोडणी. यांचा संबंध काय?”

तुळजारामनं लिहिलं. संबंधाच्या पुढं त्यानं जागा मोकळी ठेवली.

फटफटीचं प्रकरण सगळ्या आळंदला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी एक गोरा मुसाफिर मुलूख बघत बघत तीवरून आला होता. मागं पेटी बांधलेली, बाजूला एका माणसाला बसायचा पाळणा जोडलेला. आळंदच्या वेशीत फटफटी जी बसली ती बसली. गोऱ्यानं तीन दिवस धर्मशाळेत ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, चौथ्या दिवशी फटफटीला आपल्या भाषेत काहीतरी लागट बोलला आणि ती अंकुशरावांच्या वडिलांच्या गळ्यात घालून टांग्यानं निघून गेला. त्यानंतर ती गोठ्यात कडब्याखाली पडून राहिली आणि पाळण्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

दीड वर्षापूर्वी अंकुशरावांनी तिला बाहेर काढलं. पेटीत एक चित्रांचं पुस्तक होतं. त्यातलं अक्षर कळत नव्हतं, चित्रं कळत होती. इंजिनात गंजून अडकलेला दट्ट्या त्यांनी महिनाभर राकेलात भिजवून सोडवला, चांभाराकडून बसायची कातडी गादी करून घेतली, लोहाराकडून चाकाचे आरे ओढून घेतले आणि टाकीला बैलांच्या शिंगांना लावायचा हुरमुंजी रंग दिला. पाळण्याची हिरवी गादी तुळजारामनं शिवली होती, त्यामुळं या फटफटीत त्याचाही जीव अडकला होता.

“मागल्या गुरुवारी गावाला दोन फेरे मारली,” अंकुशराव सांगत होते. “एकदम झकास. शुक्रवारपास्नं खोकायला लागली. धूर पांढरा, वास फोडणीचा, आन धा हातावर गेली की गप. आन पंचमी आली की चार दिसांवर!”

एवढं बोलून ते कट्ट्यावर बसले. त्यांची धाकटी बहीण शकुबाई चार कोसांवर, उमरग्याच्या वाटेवरच्या गावी दिलेली होती. तिच्या लग्नात मांडवात उभं राहून अंकुशराव म्हणाले होते, तुला पंचमीला मोटारीत घालून आणीन. बोलायच्या भरात माणूस बोलतो. वडील होते तोवर तेच तिला आणायला जात; ते गेल्यापासून नऊ वर्षं मात्र शकुबाई पंचमीला माहेरी आली नव्हती. दर श्रावणात घरचा जुना गडी पिराप्पा बैलगाडी घेऊन तिला आणायला जाई आणि रिकामी गाडी घेऊन परत येई. निरोप एकच असे, मोटार आणा, मग येते.

“यंदा तिच्या लेकीचं लगीन ठरायलंय,” अंकुशराव म्हणाले. “एकदा लेक सासरी गेली की पंचमीला हीच लेकीची वाट बगत बसंल. मग माहेराला कुठली येती? यंदा न्हाई आली तर माजी भैन गेलीच मना, अप्पा.”

त्यांचा आवाज जरा ओला झाला. तुळजारामला वाईट वाटलं. अप्पांनाही वाटलं असावं, कारण ते लगेच सायकलवर बसले.

गोठ्यात दोन बैल होते, बसव्या आणि हौश्या. त्या दोघांच्या मधे फटफटी उभी होती. तिच्या दांड्याला दोन्हीकडं लोकरीचे गोंडे होते, कारण कारहुणवीला बैलांची पूजा झाली तेव्हा तिचीही झाली होती. खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा फडक्यानं तिची टाकी पुसत होता.

“हा कोण?” अप्पांनी विचारलं.

“पिराप्पा. माज्या बापाच्या येळपास्नं जनावरांचं हाच बगतोय.”

“घरचाच ना? मग बाजूला उभा राहा बाबा. पुरावा पुसला जाईल.”

पिराप्पा बाजूला झाला. अंकुशरावांनी लाथ मारली. फटफटीनं चारदा ढास दिली, एकदा उचकी दिली आणि सगळ्या गोठ्यात पांढरा धूर सोडला. तुळजारामच्या पोटात कावळे ओरडायला लागले. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, “वच्छलाबाई, काय तळायलाव सकाळच्या पारी?”

अप्पांनी धुरात नाक खुपसलं. “तेल,” ते म्हणाले. “हिंग. आणि तिसरं काहीतरी. ओळखीचं आहे पण ओळख देत नाही. तुळजाराम, ही भजी आहेत.”

“भजी?”

“भज्यांचा वास हाताला लागतो. हाताचा वास यंत्राला लागतो. म्हणजे दुपारी भजी खाणाऱ्या कुणीतरी या यंत्राला हात लावला आहे. आता सांग, मोटारतळावर रोज भजी कोण खातं? आणि फटफटी चालू झाली तर कुणाचं पोट मारलं जाईल?”

टांगेवाला ईरण्णा, असं उत्तर होतं. मोटारतळावर त्याला गाठला तेव्हा तो टांग्यात बसून भजीच खात होता, त्यामुळं अप्पांनी तुळजारामकडं विजयी नजरेनं बघितलं.

“शुक्रवारी दुपारी कुठं होतास?”

“टांग्यावर.”

“साक्षीदार?”

“तुमीच की. माज्याच टांग्यात बसून माळावरच्या देवळाला गेला व्हताव.”

“तो मीच कशावरून?”

“टांगा एका अंगाला कलंडला व्हता,” ईरण्णा म्हणाला. “आन अप्पा, त्या फटफटीचं मला कसलं भ्याव? तिला ढकलायला चार माणसं लागत्यात. ती चारबी माज्याच टांग्यानं परत येत्यात. धंदा वाढलाय माजा.”

अप्पांनी एक भजं उचललं, पुरावा म्हणून. वाटेतच त्यांनी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी अंकुशरावांनी पेट्रोल जिथून इंजिनात झिरपतं ती पितळी तोटी उघडली. तिच्या बारीक भोकात एक दाणा अडकला होता. तपकिरी, रेघारेघांचा, खसखशीहून मोठा. अप्पांनी तो चिमट्यानं उचलला आणि तपकिरीच्या डबीत ठेवला. डबी आधी रिकामी केली नव्हती, त्यामुळं दाणा शोधण्यात अर्धा तास गेला.

“हे या मातीतलं नाही,” अप्पा हळू आवाजात म्हणाले. “त्या गोऱ्याचं आहे. त्यानं टाकीत काहीतरी लपवलेलं होतं. आता ते त्याला परत हवं आहे. तुळजाराम, गेल्या पंधरा दिवसांत गावात कुणी नवा माणूस आला?”

“दवाखान्यात नवा कंपाउंडर आलाय.”

“गोरा आहे?”

“काळा ठिक्कर.”

“वेषांतर,” अप्पा म्हणाले. तुळजारामनं तेही लिहून घेतलं.

त्या कंपाउंडरनं चौकशीला आलेल्या अप्पांना जीभ दाखवायला सांगितली, पोट दाबलं आणि एक कडू बाटली दिली. अप्पांनी घरी जाऊन ती प्यायली आणि उरलेला दिवस तपासातून बाजूला राहिले. जाण्यापूर्वी मात्र त्यांनी एक चोख बंदोबस्त करून ठेवला होता. पिराप्पाला बोलावून त्यांनी फटफटीवर पहारा बसवला.

“हिच्याजवळ कुणालाही फिरकू देऊ नकोस.”

“मालकालाबी?”

“मालकालासुद्धा.”

पिराप्पानं घोंगडं सारखं केलं आणि खाली बसला. मग तो म्हणाला, “अप्पा, एक बोलायचं व्हतं. ह्येला जरा...”

“साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं,” अप्पांनी हात वर केला. “नाक्यावरचा नियम आहे. मी विचारीन तेव्हा बोल.”

“बरं,” पिराप्पा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी फटफटी चालू केली तेव्हा धुराचा असा लोट उठला की समोरच्या घरातलं मूल जेवायला मागायला लागलं. तोटीत आता चार दाणे होते. टाकीच्या झाकणाला पिवळं बोट उमटलेलं होतं. पहारा बसवल्यापासून गुन्हा चौपट झाला, हे तुळजारामला वहीवरून दिसत होतं. त्यानं ते तोंडावर आणलं नाही, कारण नेमणुकीची अट तीच होती.

“कोण आलं होतं?” अप्पांनी पिराप्पाला विचारलं.

“कुणीबी न्हाई.”

“नीट आठव. परका माणूस?”

“न्हाई.”

“अदृश्य शत्रू,” अप्पा म्हणाले आणि त्यांचे डोळे चमकले. अंकुशरावांचे डोळे मात्र भरून आले होते. ते फटफटीच्या चाकापाशी बसून होते आणि हातातला पाना उगाच फिरवत होते. उद्याचा एकच दिवस हातात होता.

पंचमीच्या आदल्या दिवशी, सूर्य हातभर वर आला असताना, अप्पांनी सगळ्यांना अंगणात जमवलं. रहस्याचा उलगडा चारचौघांत करायचा असतो, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. अंकुशराव आले. पिराप्पा गोठ्याच्या दारात उभा राहिला. अंकुशरावांची बायको वच्छलाबाई चुलीवर ज्वारीच्या लाह्या फोडत होती, ती हातात उलथणं घेऊनच बाहेर आली.

अप्पांनी डबी उघडून मधोमध ठेवली. “हा दाणा,” त्यांनी सुरुवात केली, “सातासमुद्रापलीकडचा आहे. याच्यात एक गुपित दडलेलं आहे. हा दाणा ओळखणारा माणूस या हिंदुस्थानात...”

वच्छलाबाईनं वाकून एक दाणा उचलला, दाताखाली धरला आणि चावला.

“ओवा हाय की,” ती म्हणाली.

तुळजारामनं वहीत ‘पुरावा क्रमांक एक’ या ओळीपुढं ‘खाल्ला’ असं लिहिलं.

दुसरा कुणी असता तर इथं खचला असता. अप्पा दोन श्वास थांबले आणि तिसऱ्या श्वासाला त्यांचा चेहरा उजळला. “ओवा!” ते गरजले. “तेल, हिंग, हळद, ओवा! हे सगळं कुठं असतं? स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर कुणाच्या ताब्यात? आणि नणंद नऊ वर्षांनी माहेरी आली तर भात कुणाला वाढायला लागणार?” त्यांचं बोट वच्छलाबाईकडं वळलं. “बाई, फटफटी तुम्हीच बंद पाडलीत.”

वच्छलाबाईच्या हातातलं उलथणं खाली आलं. ती नवऱ्याकडं बघत राहिली. अंकुशरावांनी अप्पांकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, त्यांच्या तोंडावर शंका उमटली. तेवढी तिला पुरली. तिचे डोळे काठोकाठ भरले.

“तुमालाबी तसंच वाटायलंय?” ती म्हणाली.

तुळजारामला राहवलं नाही. मुंगीच्या नाकानंतर पहिल्यांदाच त्यानं तोंड उघडलं.

“अप्पा, चुकलं तुमचं. दर श्रावणाला वैनी माज्याकडं खणाची चोळी शिवायला टाकतात. माप त्यांचं न्हाई. शकूअक्काचं हाय, लग्नातल्या मापाचं. नऊ चोळ्या शिवलो मी आतापातूर. एकबी ह्यांनी अंगाला लावली न्हाई. ट्रंकेत पडून हायत.”

“कामून सांगितली न्हाईस मला?” अंकुशराव बायकोला म्हणाले.

“काय सांगू? येणार न्हाई मनून कळल्यावर तुमी तोंड फिरवून निजत व्हताव,” वच्छलाबाई म्हणाली. “मी तुमाला अजून एक चोळी दाखवू व्हय?”

अंकुशराव मान खाली घालून उभे राहिले. आपण बायकोवर क्षणभर का होईना संशय घेतला, याची त्यांना लाज वाटत होती आणि ती दिसत होती. तेवढ्यात गोठ्याच्या दारातून पिराप्पा पुढं आला.

“बाईला कामून बोल लावायलाव? अवशद मी दिलो.”

“कसलं औषध?” अप्पांनी विचारलं.

“आता इचारलाव नव्हं? मग सांगतो,” पिराप्पा म्हणाला आणि त्यानं घोंगडं खाली ठेवलं. “पोट फुगलं व्हतं ह्येचं. गुरुवारी दोन फेरे मारून आलं आन गोठ्यात धापा टाकायला लागलं. मी टाकीवर थाप मारून बगितलो, ढम वाजली. बसव्याचं पोट फुगलं तवा असंच वाजलं व्हतं. मग करडीचं तेल, हिंग, ओवा, चिमूटभर हळद. दिस उगवताना, उपाशीपोटी. बांबूच्या नळीनं तोंडात वतलो.”

“टाकीत?”

“त्येचं तोंड तेच की. मालक तिथनंच पाजतेत.”

“अरं, तू तेल बैलाला मनून मागून नेत व्हतास!” वच्छलाबाई म्हणाली.

“बैलालाच नेलो. ह्ये काय बैल न्हाई? कारहुणवीला पूजा केलाव. शिंगाला गोंडे बांधलाव. अंगाला हुरमुंज लावलाव. गोठ्यात ठेवलाव. मग दुखलं-खुपलं तर कोण बगायचं? बसव्या दोन दिसात उठला. ह्ये उठंना, मनून मी रोज वाढवून दिलो. पहाऱ्याला बसलो मनून तिथंच बसून चारदा दिलो.”

“पण मग बोलला का नाहीस?” अप्पा ओरडले.

“तुमीच मनलाव, इचारल्याबिगर बोलू नको. तुमी इचारलाव, परका कोण आलता का. मी परका न्हाई.”

अंकुशराव आधी खोकल्यासारखं काहीतरी करायला लागले, मग खाली बसले आणि पोट धरून हसत सुटले. वच्छलाबाई पदरानं डोळे पुसत होती आणि त्याच पदराआड हसत होती. एकटा पिराप्पा गंभीर होता. आपल्या औषधानं गुण आला नाही, हे त्याला लागलं होतं.

“माझाही अंदाज शेवटी इथंच येणार होता,” अप्पा तुळजारामला म्हणाले. “लिहून ठेव.”

टाकी उपडी केली तेव्हा तिच्यातून जे निघालं त्यात एक घाणा सहज तळून निघाला असता. नव्या डब्यातलं थोडं पेट्रोल घालून टाकी दोनदा खळखळून धुतली, तोटी फुंकून साफ केली, वातीनं काजळी धरावी तसा काळा झालेला प्लग घासला. अंकुशरावांनी लाथ मारली आणि फटफटी स्वच्छ, मोठ्यानं, बिनवासाची धडधडायला लागली. हौश्या दावं ओढून मागं सरला. अंकुशरावांनी घाईघाईनं धोतर बदललं.

अप्पा संरक्षणासाठी म्हणून पाळण्यात बसले. त्यांना उतरा म्हणायला वेळ नव्हता आणि उतरवायला माणसं नव्हती. वच्छलाबाईनं नऊ चोळ्यांचं गाठोडं तुळजारामच्या हातात दिलं. “तुमी पिराप्पाच्या गाडीत बसा,” ती म्हणाली. पिराप्पानं कुणी न सांगताच बैल जुंपले होते. फटफटी धुरळा उडवत पुढं गेली आणि बैलगाडी आपल्या चालीनं मागून निघाली.

तीन कोसांवर ओढ्याच्या चढणीला त्यांना फटफटी दिसली. ती बंद होती. अंकुशराव दांडा धरून ओढत होते आणि गुप्तहेर वीरभद्रप्पा मागून ढकलत होते. त्यांचा फेटा सुटला होता.

“काय झालं?” तुळजारामनं विचारलं.

अप्पांनी तळहात उघडून दाखवला. “ओवा,” ते म्हणाले. एवढ्या हालातही त्यांच्या आवाजात अभिमान होता. “मी स्वतः ओळखला. तोटीतून काढला, तरी चालू होत नाही.”

“बैल जोडू का मालक?” पिराप्पानं विचारलं.

“नगं,” अंकुशराव धापा टाकत म्हणाले. “नऊ वर्सं बैल धाडलो. तिच्या दारात आज बैल दिसायचा न्हाई. तुमी मागं ऱ्हावा.”

शेवटचा एक कोस त्यांनी फटफटी ढकलत नेली. शकुबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. धडधड नाही, धूर नाही, नुसती चाकांची करकर ऐकून तिनं मान वर केली. तिनं फटफटीकडं बघितलंच नाही. ती भावाकडं बघत होती. घामानं भिजलेला, डोक्यावरचे केस पांढरे झालेला, तोंडावर काळा पट्टा.

“अण्णा,” ती म्हणाली, “तू आलास व्हय?”

“शकू, चालू व्हती गं. ओढ्यापातूर चालू व्हती. ह्यो ओवा...”

“घाल ती मोटार चुलीत!” सूप बाजूला टाकून शकुबाई उठली आणि भावाच्या छातीवर तिनं दोन्ही मुठी आपटल्या. मग तिथंच डोकं टेकून ती रडायला लागली. “नऊ वर्सं पिराप्पाला धाडायलास! पंचमीला भाऊ येतो न्यायला. गडी न्हाई येत. शेजारच्या समद्या बायांचे भाऊ यायचे. मी काय सांगू लोकान्ला? मोटार मागितली तर ती हाकायला तरी तू सोता येशील, मनून मागत व्हते.”

अंकुशरावांचे हात तसेच हवेत राहिले. तुरीचा हंगाम, पावसाची घाई, बाजाराचा दिवस, दर वर्षी काहीतरी असे, आणि गाडी तर जातेच आहे, असं त्यांना वाटे. त्यांना आता स्वतःचीच चीड आली. थोड्या वेळानं त्यांनी बहिणीच्या डोक्यावर काळा हात ठेवला आणि मागं वळून बघितलं. बैलगाडी झाडाखाली येऊन थांबली होती.

“पिराप्पा, तुला ठाव व्हतं?”

“व्हय की. अक्का दरसाली पैला हेच इचारायच्या, अण्णा कामून आला न्हाई.”

“आन मला सांगितला न्हाईस?”

“तुमी इचारत व्हताव, आली का. मी सांगत व्हतो, न्हाई.” पिराप्पानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला. “कामून आली न्हाई, ते कुणी इचारलं न्हाई मला.”

तुळजारामनं अप्पांकडं बघितलं. अप्पा आपल्या डबीत बघत होते. डबी रिकामी होती.

दिवस मावळताना आळंदच्या बाजारपेठेनं जे बघितलं ते पुढं बरीच वर्षं सांगितलं गेलं. पुढं बसव्या आणि हौश्या, त्यांच्या जुवाला दोरानं बांधलेली फटफटी, फटफटीवर दांडा धरून बसलेले अंकुशराव आणि पाळण्यात, हिरव्या गादीवर, डोक्यावरून पदर घेतलेली शकुबाई. पिराप्पा कासरा धरून पायी चालला होता. मागं टांगा होता, ईरण्णाचा. बैलगाडी शकुबाईच्याच दारात सोडलेली, म्हणून वाटेत भेटलेल्या ईरण्णानं अप्पांना आणि तुळजारामला उचललं होतं. टांगा एका अंगाला कलंडला होता. दारात वच्छलाबाई भाकरतुकडा घेऊन उभी होती आणि दोघी बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या त्या बराच वेळ सुटल्या नाहीत.

नऊ चोळ्यांतली एकही शकुबाईला बसली नाही. पंचमीच्या दिवशी गावातल्या बायका झोक्यावर होत्या आणि तुळजाराम कट्ट्यावर बसून नऊ चोळ्यांच्या शिवणी उसवत होता. सणाच्या दिवशी काम करू नये, पण त्यातलीच चोळी आज घालायची म्हणून शकुबाई हटून बसली होती.

अप्पा पाटीखाली उभे राहिले. “तुळजाराम, पाटीवर एक ओळ वाढव. ‘फटफटीचे प्रकरण पूर्ण उलगडले.’ तिन्ही भाषांत.”

तुळजारामनं सुई बाजूला ठेवली. “कुणी उलगडलं, अप्पा?”

“शंका काढू नकोस. रंगव.”

तुळजारामनं रंगवलं. मराठीत आणि कानडीत अप्पांनी सांगितलं तसंच. उर्दूत मात्र त्यानं लिहिलं, ‘आधी पिराप्पाला विचारावे. अंकुशरावांचा गोठा.’ अप्पांनी ती ओळ लांबून बघितली, अक्षर वळणदार आलं म्हणून मान डोलावली आणि लाह्या खायला आत गेले. तेव्हापासून उर्दू वाचता येणारी गिऱ्हाइकं कट्ट्यावर न थांबता थेट गोठ्याकडं जायला लागली.